काचेचं झाकण

प्रिय फुंकणीस,

तुझं पत्र पोचलं. पानंच्या पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि सगळी स्मोकरबद्दल. नव्या घराच्या मागे अंगण मिळालंय, तिथे धुरावर मांस भाजायचंय, तर सुरुवातीला काय घेऊ, कोळशाचं की विजेचं, लाकूड कुठलं, थर्मामीटर लागतो का, हातमोजे कसले. शेवटी 'आजी, तब्येत जप.' झालं. बापाचं नाव नाही, चुकूनसुद्धा नाही. मी पाकिटात बोट घालून बघितलं, एखादी चिठ्ठी अडकली असेल म्हणून. तेव्हा तुझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी माझी बातमी. शेवटी लिहिली तर तू तिथपर्यंत वाचशील याचा मला भरवसा नाही. तुझा बाप जेवत नाही. रागाने ताट सरकवतो असं नाही. ताट समोर ठेवलं की दोन घास चघळतो, 'छान झालंय' म्हणतो आणि भिंतीकडे वळतो. पँट कमरेला सुतळीने बांधावी लागते. डॉक्टरीण घरी येऊन गेली. छाती ऐकली, पोट दाबलं, जीभ बघितली आणि म्हणाली, आजी, शरीरात काही बिघाड सापडत नाही, पण हे असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालून भरवावं लागेल. मी म्हटलं, बाई, नाक दाबून औषध पाजलंय मी त्याला, मला नळीचं काय सांगतेस. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर ती खिदळते. या वेळी हसली नाही.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर बापाचा विषय निघाला की तुझ्या दारावर लगेच कुणीतरी येतं. एवढे पाहुणे राजवाड्यातसुद्धा येत नसतील. पत्राला दार नसतं, म्हणून लिहिते. मला वेळ लागतो. जोडाक्षर आलं की मी पेन उचलते, श्वास घेते आणि मग उडी मारते. थर्मामीटर हा शब्द खोक्यावरून बघून उतरवलाय. आणि हेही सांगून ठेवते की मी यातली कुणी पंडित नाही. मांस धुरावर लावायचा तुझा बाप, मी खुर्चीवर बसून चुका काढायचे. पण इतकी वर्षं चुका काढल्या की बाईच्या अंगाला थोडी विद्या लागतेच.

आता स्मोकर. तू चार प्रकार लिहिलेस. त्यातला तो विजेवरचा, बटणाचा, काचेच्या झाकणाचा, त्याच्याबद्दल मी सगळ्यात शेवटी बोलेन. आत्ता बोलले तर तोंडातून भलतंच जाईल. दुसरा तो अंड्याच्या आकाराचा, जाड मातीचा. चांगला असतो म्हणतात, एकदा तापला की तासन्‌तास थंड होत नाही. पण तुझं घर भाड्याचं. उद्या मालकाने हाकललं तर ते अंडं कोण उचलणार? तू घर सोडशील आणि ते तिथेच उबत बसेल. तिसरा तो आडवा, शेजारी आगीची वेगळी पेटी असलेला. फोटोत देखणा दिसतो. पण त्याच्या तोंडात सारखं लाकूड भरवावं लागतं, आणि स्वस्तातला घेतलास तर पत्रा पातळ, सगळ्या फटींतून धूर. नव्या माणसाने तो घेऊ नये. पहिल्याच दिवशी रडशील. चौथा साधा उभा ड्रम. खाली कोळशाची टोपली, मध्ये मोकळी जागा, वर जाळी, त्यावर झाकण. हवा आत यायला खाली भोकं, धूर बाहेर जायला वर एक झडप. एवढंच. सुरुवात करणाऱ्याने हाच घ्यावा. जुना ड्रम उचलून आणणार असशील तर त्यात आधी काय भरलेलं होतं ते विचार. औषधाचा, रंगाचा असला तर फुकट दिला तरी नको. आतून रंग नको, जस्ताचा मुलामा तर मुळीच नको, तापला की विषारी वाफ सुटते. वेल्डरच्या पोरीला हे मी सांगावं, काय दिवस आलेत. मांस ठेवण्याआधी एकदा नुसताच कडकडीत तापवून घे. आणि उंटावरून शेळ्या हाकते म्हणून माझ्यावर चिडू नकोस, तूच विचारलंयस.

आपला ड्रम तुला आठवतो ना? मागच्या भिंतीला टेकून, तीन पायांवर, एक पाय जरा आखूड, त्याखाली फरशीचा तुकडा. मी त्या आखूड पायावरून तुझ्या बापाला इतकी वर्षं बोलले. म्हणायचे, गावाची फाटकं सरळ बसवतोस आणि घरातला ड्रम लंगडा. तो म्हणायचा, आई, पाय सरळ आहे, अंगण वाकडं आहे. तू तेव्हा त्याच्या गुडघ्याएवढी होतीस. लोखंडी फुंकणी घ्यायचीस आणि खालच्या भोकाला लावून फुंकत बसायचीस. राख उडून तोंड काळं, डोळे लाल, खोकून बेजार, तरी सोडायची नाहीस. त्यावरून त्याने तुझं नाव फुंकणी ठेवलं. शाळेतल्या बाई घरी आल्या तेव्हा त्याने तुला तीच हाक मारली आणि तू आठवडाभर त्याच्याशी बोलली नाहीस. मग परत फुंकायला बसलीस. मला खरं विचारशील तर तुला मांसाची हौस नाही आलेली. दुधाची तहान ताकावर भागवायला निघाली आहेस, त्या अंगणाचा वास विकत मिळतो का बघते आहेस. असो. तुझ्या मनात काय आहे ते तू जाण, मी आपली सामानाचं सांगते.

कोळसा पेटवायला पत्र्याचं नळकांडं मिळतं, ते घे. खाली कागद पेटवायचा, वर कोळसा, आपोआप धगधगतो. रॉकेल ओतायचं नाही, नाहीतर कोंबडी स्टोव्हसारखी लागते. लांब दांड्याचा चिमटा घे. हातमोजे चामड्याचे, कोपरापर्यंत येणारे. फुलाफुलांचे घेऊ नकोस, ते केक करणाऱ्यांचे. राखेला झाकणाचा पत्र्याचा डबा हवा, कारण राख मेल्यासारखी दिसते पण मेलेली नसते, प्लास्टिकच्या डब्यात टाकलीस तर घर पेटेल. लाकूड फळझाडाचं, वाळलेलं, मुठीएवढे तुकडे. रंग दिलेलं नको, प्लायवूड नको, राळ गळणारं नको. आणि थर्मामीटर मात्र घे, एक ड्रमचा आणि एक मांसात खुपसायचा. तुझ्या आईने पहिल्यांदा आणला तेव्हा तुझा बाप केवढा फुगला होता. म्हणे, मी काय कोंबडीला ताप आलाय का ते बघू? तुझी आई म्हणाली, कोंबडीला नाही, तुमच्या अंदाजाला आलाय. मग एका रविवारी कुणी बघत नाही असं बघून त्याने तो खुपसला, आकडा बघितला आणि गपचूप खिशात घातला. तेव्हापासून शर्टाच्या खिशात पेनासारखा अडकवून फिरायचा. अजून आहे त्या शर्टात. शर्ट खिळ्याला आहे.

पहिल्याच दिवशी मोठा खांद्याचा तुकडा घेऊ नकोस. कोंबडी घे, कोंबडी चुका पोटात घालते. धूर पांढरा, दाट, खोकला आणणारा निघाला तर मांस आत ठेवू नकोस, कडू होईल. थांब, निळसर, पातळ, दिसला न दिसला असा होऊ दे. मग ठेव आणि झाकण लाव. खांद्याचा तुकडा करशील त्या दिवशी मात्र एक गोष्ट होईल, आणि तू घाबरशील. थर्मामीटरचा काटा चढत चढत जाईल आणि मध्येच अडकेल. तासभर, दोन तास, जागचा हलणार नाही. मांसाला घाम सुटतो, त्या घामानेच ते गार होत राहतं, असं तुझ्या बापाने मला कधीतरी सांगितलं होतं. बाहेर त्याला काय म्हणतात देव जाणे, आपल्या घरात त्याला रुसवा म्हणायचे. मांस रुसलंय, झाकणाला हात लावू नका. नवा माणूस इथे चुकतो. आग वाढवतो, झाकण उचलून उचलून बघतो, दर वेळी सगळी ऊब बाहेर. 'बघितलं की बिघडतं' हे वाक्य तू बोलायला लागलीस तेव्हापासून ऐकलं आहेस. मीच तुझ्या हातावर चापट्या मारून ते शिकवलं. नंतर ते आपल्या घरात सगळ्यालाच लागू झालं. कुणी रागावलं, कुणी नापास झालं, कुणी रडून दार लावून बसलं, की बाकीचे म्हणायचे, रुसवा आहे, झाकण राहू दे. बरंचसं खपूनही गेलं त्यावर.

म्हणून मागच्या थंडीत दवाखान्याच्या त्या लांब बोळात तू बापाला जे म्हणालीस ते बरोब्बर वर्मी बसलं. तुझी आई आत गेली होती आणि परत यायची नव्हती. तुला काय बोलतेस याचं भान नव्हतं, मला कळतं. पण म्हणालीस ते म्हणालीस. तुम्ही झाकण ठेवून बसलात, तिला ताप होता आणि तुम्ही वाट बघत बसलात, माणूस होती ती, खांद्याचा तुकडा नव्हे. तुझ्या बापाने तोंड उघडलं नाही. मी उघडणार होते. त्याने माझं मनगट असं दाबलं की वळ उठला. तू पिशवी घेऊन गेलीस, ती अजून गेलेलीच आहेस. तो घरी आला, ड्रमखालचा फरशीचा तुकडा काढून घेतला, ड्रम कलंडला, तसाच ठेवला. आणि मागच्या खोलीत खाटेवर आडवा झाला.

आम्ही काय केलं? आम्ही म्हटलं, रुसवा आहे. शेजारची शिंपीण वाडगा भरून सूप आणायची, मी तिला दारातूनच परत पाठवायचे, बाई, त्याला सारखं बघू नकोस. दुकानातून त्याचा भागीदार आला, म्हणाला, शाळेचं फाटक अर्धवट उभं आहे, दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागू द्यायचा नाही, कधी येतोय? मी म्हटलं, येईल, रुसवा आहे. थंडी गेली. उन्हाळा आला. काटा हलेना. तूही तिकडे तेच करत असणार, बाप शांत होऊ दे, मग बघू. त्याच झाकणाखाली वाढलेली तू, दुसरं काय करणार. सगळे आपापल्या जागी हात बांधून बसलो, शहाण्यासारखे.

मग एक दिवस मी भाजीत दुप्पट मीठ टाकलं. मुद्दाम नाही, चष्मा सापडत नव्हता. मी तोंडात घातली आणि थुंकली. आत जाऊन बघते तर तो चघळतोय. म्हटलं, कशी झालीय? म्हणाला, छान झालीय, आई. अगं, हा माणूस माझ्या हातच्या भाजीला जन्मात छान म्हणाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम टाकलं. छान झालीय, आई. मग मी म्हटलं, तुझा तो ड्रम, त्याचा पाय आखूडच आहे हो. हो आई, आखूडच आहे. म्हटलं, तुला वेल्डिंग कधी आलंच नाही. हो आई, नाहीच आलं. मी स्वयंपाकघरात येऊन मोरीचा नळ सोडला आणि त्या आवाजात रडून घेतलं. शिंपिणीला ऐकू गेलं असेल तर जाऊ दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ खाटेवर पडलाय आणि पीळ गेलाय.

तेव्हा मला ड्रमबद्दलची एक गोष्ट आठवली. ती तुला कधी सांगितली नाही, कारण तुझे हात इतके वळवळे होते की सांगितली असती तर तू दर पाच मिनिटांनी तेच निमित्त काढलं असतंस. काटा दोन कारणांनी अडतो. मांस रुसलं म्हणून, किंवा खाली आग विझत आली म्हणून. दोन्हीकडे काटा सारखाच दिसतो. फरक वरच्या झडपेत. झडपेतून धूर येतोय तोवर रुसवा, खुशाल बसून राहा. धूर थांबला की मात्र बघितलं की बिघडतं वगैरे सगळं खड्ड्यात घालायचं आणि झाकण उघडायचं, ताबडतोब. तुझ्या बापाचा धूर म्हणजे त्याची कटकट. सकाळी चहावरून, दुपारी भाजीवरून, संध्याकाळी माझ्यावरून. ती थांबलीय, गं. मला कळलंच नाही कधी थांबली. आम्ही त्याला रुसवा समजून बसलो होतो.

मी काय काय केलं ते ऐक, आणि हसायचं असेल तर हस. मी एकटीने ड्रम उभा केला. फरशीचा तुकडा परत खाली सरकवला, कंबर धरली ती अजून सुटली नाही. ओलं लाकूड घातलं, मुद्दाम. पांढरा धूर त्याच्या खिडकीतून आत जाईल असा ड्रम फिरवला. कोंबडी ठेवली आणि झाकण उघड, लाव, उघड, लाव, भांडी आपटावीत तशी आपटत बसले. मला वाटलं, आता तरी उठेल, बाहेर येऊन ओरडेल, म्हातारे, अक्कल गहाण टाकलीस का. शिंपीण कुंपणावरून ओरडली, समोरचा म्हातारा ओरडला, कुणाचं तरी कुत्रंसुद्धा ओरडलं. ज्याच्यासाठी आपटत होते तो नुसता खोकला आणि त्याने कुशीवर वळून चादर डोक्यावर ओढली. कोंबडी काळी झाली. मी ती तशीच ताटात वाढली. छान झालीय, आई.

आता पुढचं जे लिहिते त्यासाठी तुझा बाप मला आयुष्यात क्षमा करणार नाही. नको करू दे. क्षमा करायला आधी जिवंत राहावं लागतं. तुझ्या आईला ताप चढला तो शनिवारी. छातीत घरघर होती. तुझा बाप दुकानातून धावत आला तो फाटकं पोचवायचा टेम्पो घेऊनच आला, मागे गादी टाकलेली, उशी टाकलेली. मी पायरीवर उभी होते, या डोळ्यांनी बघितलं. तुझी आई उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, मी काय फाटक आहे का, टेम्पोत घालून न्यायला? ड्रायव्हर हसला. तुझा बाप हसला नाही. त्याने तिला उचलायला हात घातला, तिने दाराची चौकट धरली. उद्या पोरगी येतेय, म्हणाली, इतक्या महिन्यांनी येतेय, तिला मी दवाखान्यातल्या खाटेवर दिसणार नाही. ती जेवेल, सोमवारी गाडीत बसेल, मग मी माझ्या पायांनी चालत येते. तो ओरडला, तिला शिव्या घातल्या, पाया पडला. ऐकेल तर ती तुझी आई कसली. टेम्पो तिने परत पाठवला. आणि आम्हा दोघांना बजावलं, यातलं अक्षरही पोरीला कळता कामा नये, नाहीतर माझ्यामुळे झालं म्हणून ती जन्मभर स्वतःला खात बसेल. रविवारी तू आलीस. खांद्याचा तुकडा झाला होता, तू दोनदा वाढून घेतलंस. तू म्हणालीस, आई, काय छान दिसतेयस, गाल बघ कसे लाल झालेत. तो ताप होता, पोरी. तुझा बाप समोर बसला होता आणि त्याने नजर ताटातून वर केली नाही. सोमवारी उजाडता उजाडता ती पडली, पुढचं तुला ठाऊक आहे. बोळात तू त्याला ते बोललीस तेव्हा त्याने माझं मनगट का दाबलं, कळलं आता? त्याने झाकण तुझ्यासाठी धरून ठेवलंय. स्वतः आत गुदमरतोय, पण हात सोडत नाही. मीही सोडला नसता. पण धूर थांबलाय.

हे वाचून तू आता तिकडे स्वतःला दोष देत बसणार, मला ठाऊक आहे. ताप तुझ्या आईला आला, हट्ट तुझ्या आईचा होता, आणि तो तिने लाडाने केला. त्यात तुझा दोष काढायचा तर मला न्यायाधीश व्हावं लागेल, आणि माझी शाळा दुसरीत सुटली. तरी बसायचंच असेल तर इकडे येऊन बस. दुसरी खाट टाकते, बापलेक दोघं भिंतीकडे तोंड करून झोपा. मला निदान एकाच खोलीत ताटं न्यावी लागतील.

आता ते विजेवरचं, काचेच्या झाकणाचं. तुझं पत्र आलं तेव्हा ते मी त्याच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचलं. अक्षर तुझं आहे हे त्याने ओळखलं असणार, पण हलला नाही. अंड्यावर हलला नाही, आडव्यावर हलला नाही. मी तेव्हा सगळं सोडून दिलं होतं, नुसतं तोंड चालू होतं. मग तू लिहिलं आहेस ते वाक्य आलं, की मला त्यातल्या त्यात काचेच्या झाकणाचा आवडलाय, कारण आत काय चाललंय ते बघता येतं. आणि भिंतीकडून आवाज आला. काचेचं? एवढंच. पण कसं म्हणाला, ते मला लिहिता येत नाही. पूर्वी होता ना, अगदी तसा म्हणाला. जसं मी भाजीत साखर घातली की म्हणायचा, तसं. मी श्वास धरून बसले. परत काही आलं नाही. नंतर मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, तर म्हणाला, छान आहे, आई.

तर हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं. ड्रमबद्दल मी वर जे लिहिलंय ते सगळं खरं आहे आणि त्यातलं काही ऐकू नकोस. ते काचेचंच खोकं घे. जितकं चकचकीत मिळेल तितकं, दिवा लागणारं असलं तर आणखी चांगलं. घे आणि पहिल्या मिळेल त्या गाडीने ते घेऊन ये. माझ्याकडे येऊ नकोस, सरळ मागच्या खोलीत जा, त्याच्या खाटेशेजारी ठेव, बटण दाब आणि म्हण, बाबा, हे बघा, आता झाकण उघडावंच लागत नाही, सगळं दिसतं. आणि दिसतं म्हणताना थांबू नकोस. टेम्पो म्हण, गादी म्हण, आईचे लाल गाल म्हण. आजीने सांगितलं म्हण. तो माझ्यावर भडकेल, त्या काचेवर भडकेल, तुझ्यावर भडकेल, हे असलं खोकं घरात आणलंस म्हणून उठून बसेल आणि ओरडेल. ओरडू दे. मी दाराबाहेर ताट घेऊन उभी असेन, मीठ बरोबर घातलेलं. वरून सगळी राख दिसते, पण खाली एक निखारा आहे, 'काचेचं?' एवढाच आहे, मी ऐकलाय. मी फुंकून बघितलं, माझ्या छातीत आता तेवढा दम नाही. म्हणून तुला लिहिलं. हातमोजे घेऊ नकोस, इथे आहेत.

तुझीच,
झाकण हातात धरून उभी असलेली
आजी